चौकशीबाईंच्या घरची चौकशी

चौकशीबाईंचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि त्याबद्दल त्यांना दरमहा पगार मिळायचा. एखाद्या घरात मुलाला मारतात, उपाशी ठेवतात, कोंडून घालतात अशी शंका कुणी फोनवरून कळवली, की त्या घरी जाऊन खरं-खोटं बघून येणं ही त्यांची नोकरी. उभी हयात त्यात गेली. आता निवृत्ती तोंडावर आली होती, तरी बाई जिना चढताना दिसल्या की लोक आपापली दारं लावून घ्यायचे आणि मग फटीतून बघत बसायचे. मजल्यामजल्यावर शंकेची पाल चुकचुकायची. कुणाच्या घरी चालल्यात? आणि कुणी कळवलं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या पाच मिनिटांत सगळ्या इमारतीला मिळायचं. दुसऱ्याचं कधीच मिळायचं नाही. कळवणाऱ्याचं नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही हा खात्याचा नियम, आणि बाई त्या बाबतीत ताकास तूर लागू द्यायच्या नाहीत. लोक हात जोडायचे, धमक्या द्यायचे, एकाने तर त्यांची चप्पल लपवून ठेवली होती. बाई अनवाणी घरी आल्या, पण नाव सांगितलं नाही.

त्यांची कामाची पद्धत ठरलेली. आगाऊ कळवून जायचं नाही, कारण कळवून गेलं की घर न्हाऊन-माखून बसलेलं असतं. गेल्या गेल्या पाणी मागायचं. पाणी कोण आणतं, कुणाकडे बघून आणतं, यावरून त्यांना अर्धं घर कळायचं. "चोराच्या घरचं पाणी लवकर येतं," असं त्या नव्या पोरींना शिकवायच्या. दाराशी मुलाच्या चपला बघायच्या. उन्हाळ्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घातलेलं मूल दिसलं, तर त्या बाह्यांखाली काय आहे ते बघितल्याशिवाय त्या घरातून उठायचं नाही. मुलाशी बोलायचं ते एकट्याने, आणि बोलण्याआधी पडद्याखाली कुणाचे पाय दिसतात का ते पाहायचं.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे घरच्यांचा पहिला प्रश्न ऐकायचा. ज्यांचं मन साफ असतं ते आधी घाबरतात आणि विचारतात, "माझ्या लेकराला काय झालं?" आणि ज्यांच्या पोटात काही असतं ते विचारतात, "कुणी सांगितलं?" असं विचारणाऱ्या घरावर बाई मनातल्या मनात फुली मारायच्या. दरवेळी ती फुली खरीच ठरायची असं नाही. पण बाई ते कबूल करणाऱ्यातल्या नव्हेत.

शाळांमधून त्या भाषणंही द्यायच्या. शिक्षकांना सांगायच्या, "संशय आला की कळवा. खात्री करत बसू नका. खात्री करणं आमचं काम आहे, तुमचं नाही." मुलांना खात्याच्या फोनचा नंबर शिकवायच्या, तो बोटांवर. अंगठ्याला एक आकडा, तर्जनीला एक, करंगळीला शेवटचा. या भाषणाची तालीम त्या घरी करायच्या आणि तालमीला श्रोता एकच. नात. तिसरीतली नात स्टुलावर बसून, हाताची घडी घालून, तेच भाषण पुन्हा पुन्हा ऐकायची आणि शेवटी टाळ्या वाजवायची. "ज्याला सांगायचं, तो त्रास देणाऱ्याच्याच बाजूचा असेल तर?" असं बाई बोट उगारून विचारायच्या, आणि नात आपली पाचही बोटं नाचवून दाखवायची.

आता असा स्वभाव काय ऑफिसात टांगून ठेवून घरी येता येतं? बाईंचा संशय त्यांच्याबरोबर घरी यायचा आणि जेवायलाही बसायचा. दूधवाला पाणी घालतो, भाजीवाली काट्याला बोट लावते, वरच्या मजल्यावरच्या काकू मुद्दाम यांच्याच कपड्यांवर कुंडीचं पाणी सोडतात. मुलाचं लग्न ठरवताना तर त्यांनी व्याह्यांना असे प्रश्न विचारले की ते बिचारे म्हणाले, "बाई, मी मुलगी देतोय की जबानी?" सून आली, नांदली, औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली, तरी ती दुपारपाळीला गेली की बाई एकदा डबे उघडून बघायच्याच. काय बघायच्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

या सगळ्यातून सुटलेला माणूस एकच होता. त्यांचा मुलगा. नवरा लवकर गेला आणि बाईंनी हा मुलगा एकटीने वाढवला. लोकांच्या घरी वळ मोजून आल्यामुळे असेल, पण त्याला कधी बोट म्हणून लावलं नाही. तो मोठा होऊन इमारतींचे नकाशे काढायला लागला. दारू नाही, सिगारेट नाही. दिवेलागणीला घरी यायचा, हातपाय धुवायचा आणि मुलीला घेऊन आतल्या खोलीत गणिताला बसायचा. दार लावून. पोरीचं लक्ष उडू नये म्हणून. बाहेर बाई पाय पसरून टीव्ही बघायच्या आणि ऑफिसात दुसऱ्या दिवशी सांगायच्या, "बाप असावा तर असा. रोज पोरीला घेऊन बसतो." आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण बाई इतरांना ऐकवायच्या. त्यांना ऐकवायची कुणाची छाती नव्हती.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता. पंख्याखालीही घामाच्या धारा लागायच्या. नात मात्र घरात पायमोजे घालून वावरायला लागली होती. "फरशी गार लागते गं आजी," म्हणाली. बाईंनी बाजारातून आणखी दोन जोड आणून दिले. मऊ, जाडसर, घोट्यावर ससे काढलेले.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी दारावरची बेल वाजली. दारात ऑफिसातल्या धाकट्या बाई उभ्या. वयाने सगळ्यांत लहान म्हणून हे नाव. बाईंनीच तिला हाताशी धरून काम शिकवलेलं. बाई खूश झाल्या.

"अगं, ये ये. वाट चुकलीस की काय आज?"

धाकटी आत आली. चपला काढताना तिने दाराजवळच्या बाकीच्या चपलांकडे बघून घेतलं. मग खुर्चीच्या कडेवर टेकली आणि म्हणाली, "थोडं पाणी मिळेल का?"

बाईंचं हसू तिथेच थांबलं. इतकी वर्षं हे वाक्य त्यांनी स्वतः म्हटलं होतं. ते ऐकायला कसं लागतं ते त्यांना आज पहिल्यांदा कळलं.

पाणी सुनेने आणलं. लगेच आणलं. तिचा पाळीला जायचा डबा भरून झाला होता. मुलगा केस कापायला गेला होता. नात दारामागून बघत होती.

"फोन आलाय, बाई," धाकटी खाली बघत म्हणाली. "तुमच्या घराबद्दल. नियमाप्रमाणे ही चौकशी तुमच्याकडे जाऊ शकत नाही, म्हणून मला पाठवलं."

"कुणी केला फोन?" बाई म्हणाल्या.

शब्द तोंडातून गेला आणि गेलाच. धाकटीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"बाई, हे तुम्ही विचारताय?"

"मी नाही तर कोण विचारणार? माझ्या घरावर कुणीतरी चिखल उडवतंय. वरच्या काकू. बरोबर ना? कुंडीवरून भांडण झालं होतं आमचं."

"मला मुलीशी बोलायचंय. एकटीशी."

"माझ्यासमोर बोल की. मी काय परकी आहे?"

"एकटीशी," धाकटी पुन्हा म्हणाली. तिच्या आवाजात आदर होता, पण ती हलली नाही. बाईंनीच तिला तसं घडवलं होतं.

धाकटी नातीला घेऊन आतल्या खोलीत गेली. त्या खोलीला दारही होतं आणि पडदाही. दार तिने मुद्दाम उघडं ठेवलं, पोरीला कोंडल्यासारखं वाटू नये म्हणून, आणि पडदा ओढला. बाई स्वयंपाकघरात जायला निघाल्या आणि पडद्यापाशी रेंगाळल्या. आत धाकटीचा हळू आवाज येत होता. नातीचा आवाज येतच नव्हता. बाईंनी कान लावला, तरी नाही. थोड्या वेळाने पडदा बाजूला झाला आणि धाकटी बाहेर आली.

"खाली पाय दिसत होते, बाई," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तिलाही दिसत होते. मी तिच्याशी शाळेत बोलेन. उद्या."

ती गेली. पाणी तसंच राहिलं होतं.

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. आधी वरच्या काकू. मग शाळेतल्या वर्गबाई, त्या हल्ली जरा आखडूनच वागायच्या. मग जिना झाडणारी, तिला मागच्या आठवड्यात बाई बोलल्या होत्या. एकेकाला त्यांनी मनातल्या मनात उभं केलं, उलटतपासणी घेतली आणि सगळ्यांनाच दोषी ठरवलं. शेवटी संशय फिरत फिरत घरात आला आणि सुनेपाशी थांबला. चपला घालत असलेल्या सुनेच्या त्या आडव्या आल्या.

"तूच कळवलंस. मला मान खाली घालायला लावायची होती ना?"

सून सरळ उभी राहिली. इतक्या वर्षांत ती सासूला कधी उलट बोलली नव्हती.

"मी नाही कळवलं, आई. मी संध्याकाळी घरात नसते, मला काय ठाऊक? एकदा ह्यांना विचारलं, दार कशाला लावता म्हणून, तर दोन दिवस बोलले नाहीत. तुमच्याशी बोलावं असं किती वेळा मनात आलं. पण तुमच्या मुलाची शंका तुमच्याकडे घेऊन येऊ?"

"कसली शंका?"

"बघा ना," सून म्हणाली. "मघापासून तुम्ही सगळ्या जगाला धरून बसलात, कुणी सांगितलं, कुणी सांगितलं. काय सांगितलं, ते एकदा तरी विचारलंत?"

पाळीची बस चुकेल म्हणून ती गेली. बाई खुर्चीत बसल्या. फुली मारायची ती कुणावर, हे त्यांना आता कळत होतं आणि ते मनात येऊ न देण्याचा त्या आटापिटा करत होत्या. पोरगी काय, कुणावर रुसली असेल. मुलं वाटेल ते बोलतात. असं इतर घरांतल्या आज्या त्यांना सांगायच्या, अगदी याच शब्दांत.

मुलगा घरी आला. बाईंनी झालेलं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं. मानेवरचे कापलेले केस झटकले.

"काय म्हणाली ती?"

"कोण, धाकटी?"

"नाही. आपली."

माझ्या मुलीला काय झालं, हे यानेही विचारलं नव्हतं.

"काही नाही म्हणाली," बाई म्हणाल्या.

"मग झालं तर. कोण चहाडखोर आहे ते तू शोधून काढ, तुला जमतं ते." त्याने मुलीला हाक मारली. "चला, गणित."

"आज सुट्टी आहे ना?" बाई म्हणाल्या.

"गणिताला सुट्टी नसते."

नात उठली. ती कुरकुरली नाही, रडली नाही. आजीकडे बघितलंसुद्धा नाही. घरात असून नसल्यासारखी आत गेली, आणि दार लागलं. हा दाराचा आवाज बाई रोज ऐकत होत्या आणि त्यावर टीव्ही लावत होत्या. आज त्यांनी टीव्ही लावला नाही. दोरीवर सशांचे पायमोजे वाळत होते. भर उन्हाळ्यात, एका ओळीत. दुसऱ्या कुणाच्या घरी ही दोरी दिसली असती, तर बाई पाणी प्यायलाही थांबल्या नसत्या.

त्या उठल्या आणि दार न वाजवता आत गेल्या. मुलगा टेबलाशी बसला होता. नकाशे आखायची पोलादी पट्टी हातात होती. नात समोर उभी होती आणि तिने एक पायमोजा आधीच काढून, घडी करून, टेबलावर ठेवला होता.

ती घडी बघून बाईंना जे कळायचं ते कळलं.

"चल, पाय धुवायला," त्या नातीला म्हणाल्या.

"आई, आमचं चाललंय," मुलगा म्हणाला.

"गणित कुठे पळून जात नाही."

त्यांनी नातीला जवळजवळ उचलूनच न्हाणीघरात नेलं आणि आतून कडी लावली. तिला स्टुलावर बसवलं. दुसरा पायमोजा स्वतःच्या हाताने काढला. तळव्यांवर आडवे वळ होते. काही जुने, पिवळे पडलेले, काही नवे. तळव्यावर कुणी पडत नाही, तळव्यावर खेळताना असे वळ उठत नाहीत. जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही अशी जागा शोधून काढली होती. असं शोधून मारणारी माणसं बाईंनी पाहिली होती. मारायचं कुठे ते त्याला कुणी शिकवलं? जेवताना त्याच तर सांगायच्या. अमक्याच्या पाठीवर दिसलं, तमकीच्या दंडावर दिसलं, आणि मी कसं पकडलं. मुलगा ऐकत ऐकत जेवायचा. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि राखणदाराने त्याला वाट दाखवली होती.

"मीच चुकते," नात म्हणाली. "वजाबाकीत हातचा विसरते."

बाईंनी तिच्या पायांवर हळूहळू कोमट पाणी घातलं. त्यांना रडायला येत होतं आणि त्या रडल्या. आवाज न करता, पण लपवलंही नाही.

"गप्प बस, आजी," नात म्हणाली. "बाबा ऐकेल."

बाहेर दारावर टकटक झाली. "काय चाललंय?" बाईंनी नळ मोठा सोडला. कमरेला खोचलेला मोबाइल काढला. बोटं ओली, आणि उभा जन्म जो नंबर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवला तो ऐनवेळी आठवेना.

नातीने हात पुढे केला. अंगठ्यापासून सुरुवात केली आणि करंगळीपर्यंत एकेक बोट धरून आकडे सांगितले, अगदी तालमीसारखे.

"चांगला पाठ आहे तुझा," बाई म्हणाल्या.

"मी लावला होता एकदा," नात म्हणाली. "तुझ्याच फोनवरून. तू अंघोळीला गेली होतीस."

नळ वाहत राहिला. वरच्या काकू नाहीत, वर्गबाई नाहीत, सून नाही. सगळ्या जगात जिच्यावर संशय घ्यायचं बाईंच्या मनात आलं नव्हतं, ती समोर स्टुलावर बसली होती.

"मला का नाही सांगितलंस गं?"

नात खाली बघून म्हणाली, "तूच म्हणतेस ना, ज्याला सांगायचं तो त्याच्याच बाजूचा असेल, तर नंबर लावायचा." मग जरा थांबून तिने विचारलं, "बाबाला कळेल का, मी केला ते?"

बाईंनी नंबर लावला. पलीकडे ऑफिसातला नेहमीचा आवाज होता, पण त्याने ओळख दाखवली नाही. नियमाप्रमाणे एकेक प्रश्न विचारत गेला. मूल कुठे आहे? आत्ता सुरक्षित आहे का? इजा दिसते आहे का? बाईंनी एकेक उत्तर दिलं.

"मुलीशी तुमचं नातं?"

"आजी."

"ज्याच्याबद्दल कळवताय त्याच्याशी?"

"आई," त्या म्हणाल्या.

मग आवाज म्हणाला, "गाडी निघतेय. डॉक्टरही येतील. दार उघडू नका. तुमचं नाव गुप्त राहील."

"नको," बाई म्हणाल्या. त्यांनी नळ बंद केला आणि बाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या, "माझं नाव लिहून घ्या. त्याला सांगा, आजीने कळवलं. आजचंही आणि आधीचंही. दोन्ही फोन माझेच."

दाराबाहेरची टकटक थांबली.

गाडी येईपर्यंत आजी-नात आतच बसून राहिल्या. बाहेरून मुलगा आधी ओरडला, मग समजावू लागला, मग लहानपणीच्या आवाजात "आई, अगं दार उघड" म्हणाला. ते सगळ्यांत अवघड होतं. बाईंनी कडीवर हात ठेवला आणि तो तसाच दाबून धरला.

पुढची चौकशी धाकटीने केली, आणि नीट केली. पोरीला घरातून हलवू नका, मारणाऱ्याला हलवा, असं बाई उभी हयात साहेबांशी भांडून सांगायच्या. या वेळी साहेबांनी ऐकलं. मुलाला वेगळं राहायला लावलं आणि प्रकरण पुढे गेलं. मुलगा मिळेल त्याला सांगत सुटला की माझ्या आईने, जन्मदात्या आईने माझं नाव दिलं. इमारतीत कुजबुज झाली. वरच्या काकू म्हणाल्या, अशी कशी बाई ही, पोटच्या पोरावर उलटली. बाई जिन्यावरून जाताना दारं लागायची, पूर्वीसारखीच. सून मात्र आता पाळीवरून आली की सासूच्या शेजारी बसून चहा घ्यायची, आणि बाईंनी डबे उघडून बघणं सोडलं होतं.

नात घरात अनवाणी फिरते. नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी, खुद्द मुलाने बाईंना कितीदा तरी खोदून विचारलं, पहिला फोनही खरंच तुझाच का? बाई दरवेळी हो म्हणतात. कळवणाऱ्याचं नाव त्यांनी आजवर कुणाच्या घरात फोडलं नव्हतं, आणि स्वतःच्या घरातही फोडलं नाही.